"सर्दीच आहे, होईल बरी"

सुरुवातीलाच एक सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. तुमचं मांजर आत्ता या क्षणी तोंड उघडून श्वास घेत असेल तर हा व्हिडिओ बंद करा आणि डॉक्टरला फोन लावा. कुत्रं जीभ बाहेर काढून हाफतं ते अंग गार करायला, त्यात काही विशेष नाही. मांजराचं तसं नसतं. पिल्लू दंगा करून मिनिटभर हाफलं किंवा रिक्षात घाबरून हाफलं तर एकवेळ समजू शकतो, पण गप बसलेलं मांजर तोंडाने श्वास घेतंय म्हणजे त्याला हवा पुरत नाहीये, आणि गाडी तिथवर येईपर्यंत बराच वेळ हातातून गेलेला असतो, कारण दुखणं लपवण्यात ही जात एकदम पटाईत.

बाकीच्यांनी बसा, मांजराची नुसती सर्दी कुठली आणि श्वासाचं खरं दुखणं कुठलं, ते सावकाश सांगते.

हे कुलाब्याचं ससून डॉक. 1875 सालचं. पहाटे बोटी लागतात, मासळीचा लिलाव होतो, कोलंबी सोलणाऱ्या बायका ओळीने बसलेल्या असतात आणि त्यांच्या मागेपुढे मांजरंच मांजरं. हा पांढरापिवळा बोका, कान जरासा फाटलेला, हा बाळ्या. एक ताई त्याला घरी घेऊन गेल्या, माहीमला. डॉकवर होता तेव्हा चांगला धडधाकट, कोळणीच्या टोपलीतून मांदेली पळवणारा. आणि घरी येऊन आठवडा होतोय न होतोय तोवर सटासट शिंका, डोळ्यात चिपडं, नाक चोंदलेलं, झोपला की घशातून घरघर. ताई वैतागून म्हणाल्या, "अहो घाणीत होता तेव्हा काही झालं नाही आणि आमच्या स्वच्छ घरात येऊन आजारी कसा पडला?"

हा प्रश्न भटकं मांजर घरी आणणारा जवळजवळ प्रत्येक माणूस विचारतो आणि याचं उत्तर माहीत असलं ना तर निम्मी घालमेल कमी होते.

मांजरांच्या सर्दीमागे बहुतेक वेळा दोन व्हायरस असतात, हर्पीस आणि कॅलिसी. रस्त्यावरच्या बहुतेक पिल्लांना आईकडून नाहीतर भावंडांकडून यातला एखादा तरी मिळतोच. हर्पीसची गंमत अशी की सर्दी बरी झाली तरी तो जात नाही, चेहऱ्याच्या नसांमध्ये जाऊन गुपचूप बसतो, जन्मभर. मग मांजराला टेन्शन आलं की परत डोकं वर काढतो. आणि टेन्शन म्हणजे काय, तर नवीन घर, पिंजऱ्यातून प्रवास, डॉक्टरची सुई, नसबंदीचं ऑपरेशन, घरातलं आधीचं मांजर फिस्कारतंय, हे सगळं आपण त्याचं भलं करायला म्हणून एकाच आठवड्यात उरकतो. टेन्शन आल्यापासून साधारण आठवड्याभराने व्हायरस नाकातून बाहेर पडायला लागतो. म्हणजे बाळ्या माहीमला येऊन आजारी पडला हे खरं, पण आजार तो डॉकवरूनच घेऊन आला होता.

कॅलिसीची खूण वेगळी. जिभेवर, टाळ्यावर फोड येतात, लाळ गळते, कधीकधी मांजर चक्क लंगडतं. हा व्हायरस चिवट आहे, भांड्यांवर, फडक्यावर आठवडा आठवडा टिकतो आणि सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं. घरात दुसरं मांजर असेल तर नवीन पाहुण्याला दोन तीन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळं लिटर, म्हणजे शी-शूची माती. वन रूम किचनमध्ये वेगळी खोली कुठून आणणार हे मला कळतं, बाथरूममध्ये ठेवतात लोक, तेही चालतं, फक्त फरशी कोरडी ठेवा आणि अंथरायला काहीतरी द्या. आणि आजी विचारणारच म्हणून सांगते, हे दोन्ही व्हायरस माणसाला होत नाहीत.

आता नाक चोंदलं तर काय मोठंसं, असं वाटतं ना? इथेच फसगत होते. मांजर आधी वास घेतं, मग खातं. वास येईना की समोर सुरमई ठेवली तरी तोंड फिरवतं. आणि मांजराने दोन तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये जमायला लागते, गुबगुबीत मांजरात तर जास्तच, आणि मग सर्दी राहते बाजूला, लिव्हरचं दुखणं सुरू. म्हणून खाणं कोमट करून द्या, वास सुटला पाहिजे. बाळ्याला बांगडा उकडून काटे काढून त्याच्याच पाण्यात कुस्करून दिला, पहिल्यांदा नुसतं चाटलं, संध्याकाळी वाटी साफ. नाक ओल्या कापसाने पुसायचं. गरम पाण्याचा शॉवर सोडून त्या वाफेत बाथरूममध्ये दहा मिनिटं बसवायचं, पण त्यात व्हिक्स, निलगिरी, कापूर काही म्हणजे काही टाकायचं नाही, आपल्याला बरं वाटतं ते मांजराला विषारी ठरू शकतं.

औषध डॉक्टर देतील. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, ते देतात वरून बॅक्टेरियाचं इन्फेक्शन झालं तर. डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, एक अँटिबायोटिक) दिलं असेल तर गोळी कोरडी गिळवू नका, मागोमाग थोडं पाणी द्या, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकते आणि आतून भाजल्यासारखी जखम होते. लायसीनची पावडर बरेच जण सांगतात, तिचा उपयोग होत नाही असंच आता दिसलंय, ते पैसे खाण्यावर घाला.

आणि एक गोष्ट आवाज चढवून सांगते. क्रोसिन, डोलो, कुठलंही पॅरासिटामॉल, अर्धी नाही, पाव नाही, सिरपचा थेंब नाही. माणसाचं लिव्हर हे औषध ज्या रस्त्याने निकामी करतं तो रस्ता मांजराकडे जवळपास नाहीच. त्यामुळे रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या निळसर नाहीतर चॉकलेटी दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात आणि ज्या मांजराला नुसती कणकण होती ते आता खरोखर गुदमरतंय. एक गोळी जीव घ्यायला पुरते. लोक मायेनेच देतात हो, अंग गरम लागलं, दिली. चुकून दिलीच असेल तर उलटी होते का बघत बसू नका, लगेच न्या, लवकर पोचलं तर उतारा असतो.

इथपर्यंतची गोष्ट नाकाची होती. छातीची गोष्ट वेगळी आहे, आणि फरक कळण्यासाठी नाकाकडे नाही, कुशीकडे बघायचं. हा शॉट बघा. मांजर झोपलंय, बरगड्यांच्या मागचा भाग वर गेला, खाली आला, हा एक श्वास. घड्याळ लावून तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. गुरगुरत असताना मोजू नका. शांत झोपलेल्या मांजराचा आकडा साधारण तीसच्या आत असतो. परत परत चाळीसच्या वर जात असेल, पोट लोहाराच्या भात्यासारखं आतबाहेर होत असेल, कोपरं बाहेर काढून मान लांब करून बसलं असेल आणि आडवंच होत नसेल, तर त्याला सर्दी म्हणू नका, मग शिंक एकही नसली तरी.

ससून डॉकसारख्या जागेवरून आलेल्या बोक्यांमध्ये याची कारणं बऱ्याचदा जुनी असतात. बोक्याबोक्यांची मारामारी झाली, छातीवर दात लागला, वरून जखम भरली आणि आत पू साठत राहिला. स्कूटरची धडक बसली किंवा चौथ्या मजल्यावरून पडलं, वरून काही दिसत नाही पण छाती आणि पोटामधला पडदा फाटून आतडी वर सरकलेली, हे कधीकधी महिन्यांनी एक्सरेत कळतं. लहान पिल्लू असेल आणि हिरड्या पांढऱ्याफटक असतील तर आधी पिसवा बघा, त्या इतकं रक्त पितात की पिल्लू त्यानेच धापा टाकतं. आणि एफआयपी, म्हणजे मांजरांच्या कोरोनाव्हायरसमधून होणारा गंभीर आजार, ज्याचं नाव काढलं की मांजरवाल्यांचे चेहरे पडतात. त्यात छातीत नाहीतर पोटात पिवळट चिकट पाणी भरतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत याला इलाज नव्हताच, आता जीएस नावाचं औषध आहे, साधारण 84 दिवसांचा कोर्स, खर्च दणदणीत, पण मांजरं वाचतायत. छातीत पाणी असलं की डॉक्टर सुईने काढतात आणि तिथल्या तिथे श्वास मोकळा होतो, त्यामुळे "सुई टोचणार म्हणे" म्हणून घाबरून परत येऊ नका.

दम्याबद्दल मात्र थोडं थांबते, कारण तो ओळखण्यात आपल्या घरांमध्ये हमखास चूक होते. मांजर दबा धरून बसतं, मान पुढे, खाकखाक करतं, बाहेर काही पडत नाही. घरचे म्हणतात केसांचा गोळा अडकलाय. शंभरदा गोळा अडकतो आणि एकदाही पडत नाही, असं कसं? मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरला दाखवा, क्लिनिकमध्ये गेल्यावर ते शहाण्यासारखं बसणार हे ठरलेलं. पाली, उंदीर खाणाऱ्या मांजरांत फुप्फुसातले जंतही असाच खोकला देतात, म्हणून आधी तेही तपासून घ्यायचं. दमाच निघाला तर स्टिरॉइड, आणि हो, मांजरांनाही इनहेलर असतो, तोंडावर बसणाऱ्या छोट्या मास्कमधून. पण घरात मच्छर कॉइल, उदबत्ती, धूप, धुरळा उडवणारं स्वस्त लिटर, कुणाची तरी सिगारेट हे सगळं चालू ठेवून इनहेलर देणं म्हणजे आगीत तेल ओतून वर पाणी शिंपडणं.

न्यायचं कसं, तेही बघा. पिंजऱ्यात ठेवायचं, वरून टॉवेल टाकायचा, मानेला धरून उचलायचं नाही, जबरदस्तीने पाणी पाजायचं नाही. निघण्याआधी फोन करून "ऑक्सिजन आहे का" एवढंच विचारा, नसेल तर तिथे जाण्यात वेळ घालवू नका. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल जुन्या लोकांना पाठ असतं, 1886 चं पशुवैद्यकीय कॉलेजही तिथेच. तुमच्या गावातला नंबर आज शोधून फ्रिजवर चिकटवा, रात्री दोनला शोधायला बसाल तर हात थरथरत असतात.

लसीचं पटकन. ट्रायकॅट, म्हणजे हर्पीस आणि कॅलिसीवरही चालणारी लस, सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, रेबीजची वेगळी. लस घेतली म्हणजे शिंक येणारच नाही असं नाही, जोर कमी होतो.

बाळ्या बरा झाला, पण हर्पीस अंगात आहे तो राहणारच. बिल्डिंगला रंग लागला तेव्हा शिंकला, पाहुणे आले तेव्हा शिंकला. गणपतीत तर दोन्ही एकदम, माणसांची गर्दी आणि धूप. यंदा ताईंनी त्याची रवानगी आधीच आतल्या खोलीत केली, खिडकी उघडी, दाराखाली फडकं. सासूबाईंशी तह असा झालाय की धूप फक्त आरतीपुरता आणि उदबत्तीचं घर गॅलरीत. मोदकाच्या सारणाचा वास आला की बाळ्या आतून दार खरवडतो, म्हणजे नाक चालू आहे.