इम्प्लांट दगडासारखं का होतं?

नमस्कार मंडळी. परवा परभणीकडच्या एका ताईंनी विचारलं, "मॅडम, कॅन्सरच्या ऑपरेशननंतर छातीत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. दोन वर्षं झाली, आता ती बाजू दगडासारखी लागती. सिलिकॉन आत वाळलं का काय?"

नाही ताई, सिलिकॉन वाळत नाही. आवळलंय ते त्याच्याभोवतीचं कवच.

कापूस वेचताना बाभळीचा काटा पायात मोडला, निघाला नाही, की त्याच्याभोवती गाठ धरते ना? तसंच आहे हे. इम्प्लांटभोवती पातळ पडदा सगळ्यांनाच धरतो. तो जाड होऊन आकसला की त्याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणायचं. डॉक्टर त्याच्या 4 पायऱ्या धरतात, बेकर ग्रेड. पहिलीत हाताला काही कळत नाही, चौथीत दुखतं आणि आकारही बिघडतो.

आता हा माझ्या हातातला अंबाडीचा दोर बघा. धागे सगळे एका दिशेनं, म्हणून ओढ एकवटते. गुळगुळीत इम्प्लांटभोवती कोलॅजनचे, म्हणजे शरीरातल्या चिवट प्रथिनाचे, तंतू असेच ओळीनं बसतात. आणि हा गादीतला पिंजलेला कापूस. कुठूनही ओढा, सगळा मिळून आवळत नाही. खरखरीत पृष्ठभागावर तंतू असे गुंततात. पॉलीयुरेथेन फोमच्या आवरणाचे इम्प्लांट तर यात सगळ्यांत सरस ठरलेत.

मग सरसकट खरखरीतच का बसवत नाहीत? कारण बीआयए-एएलसीएल नावाचा दुर्मिळ लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, जो इम्प्लांटभोवतीच्या कवचात होतो. तो मुख्यतः खरखरीत इम्प्लांटशी जोडला गेलाय. 2019 च्या एप्रिलमध्ये फ्रान्सनं जास्त खरखरीत प्रकार बंद केले, पॉलीयुरेथेनसकट. जुलैत अॅलरगन कंपनीनं तिचे बायोसेल नावाच्या खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून माघारी बोलावले. घाबरून लगेच काढायला मात्र पळू नका. त्रास नसेल तर काढा असं अमेरिकेच्या एफडीएनंही, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्यानंही, सांगितलेलं नाही. पण काही वर्षांनी एकाच बाजूला अचानक सूज आली, पाणी साचलं, तर घरी बसू नका.

आणि ताई, सगळा दोष पृष्ठभागाचा नसतो. त्या बाजूला रेडिएशन घेतलेलं असेल तर कवच जास्त आवळतं. बसवताना जंतूंचा थर चिकटला तरीही. चोळून मोकळं करायच्या नादी तर लागूच नका. पूर्वी डॉक्टरसुद्धा हातानं दाबून कवच फोडायचे, त्यात आतलं इम्प्लांट फुटायचं!

तुमची डिस्चार्जची फाईल काढा. त्यात इम्प्लांटचं कार्ड किंवा स्टिकर असेल, त्यावर कंपनी, प्रकार, नंबर. नसेल तर ऑपरेशन झालं तिथून मागून घ्या, आणि ते घेऊनच प्लास्टिक सर्जनकडं जा.