अडीचशे डॉलर आणि एक टांगती तलवार

या कागदावर मी एकच आकडा लिहिलाय: २५०. न्यूयॉर्कमधल्या एखाद्या टॅक्सीवाल्यानं महापौरपदाच्या उमेदवाराला अडीचशे डॉलर दिले, की पात्र उमेदवाराला शहराच्या तिजोरीतून त्यावर आठपट, म्हणजे २,००० डॉलर मिळतात. हाती आले २,२५०. ही योजना मला मनापासून पटते. धनदांडग्यांचे उंबरे न झिजवता निवडणूक लढवता यावी, म्हणून ती १९८८ साली आली. तेव्हा डॉलरला डॉलर मिळायचा, पुढे वाढत वाढत आठपट झाला.

आता समजा, एका बड्या माणसानं आपलेच पैसे दहा जणांच्या नावानं दिले. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, बेनामी. देणारा लपतो, देणगीची मर्यादा मोडते आणि वर आठपट पैसे उकळले जातात ते करदात्यांचे.

सप्टेंबर २०२४मध्ये तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांच्यावर अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या (फेडरल) वकिलांनी असेच आरोप ठेवले: बेनामी देणग्या, परदेशी पैसा, तुर्की लोकांकडून विमानप्रवासाच्या सवलती. ॲडम्स यांनी सगळं नाकारलं. पुढे खटला चाललाच नाही, त्यामुळे ते दोषी ठरलेले नाहीत, हेही लक्षात ठेवा.

का चालला नाही? फेब्रुवारी २०२५मध्ये ट्रम्प सरकारच्या न्याय खात्यानं हुकूम सोडला, आरोप मागे घ्या. पुरावा कच्चा आहे असं त्यात म्हटलेलंच नाही. खटल्यामुळे महापौरांना स्थलांतरितांवरच्या कारवाईत पुरेसं लक्ष घालता येत नाही, हे एक कारण! मॅनहॅटनच्या प्रभारी सरकारी वकील डॅनिएल सॅसून यांनी हा हुकूम पाळण्याऐवजी राजीनामा दिला. त्याच दिवशी ॲडम्स यांनी जाहीर केलं की रायकर्स बेटावरच्या तुरुंगात ‘आइस’ला, म्हणजे बेकायदा स्थलांतरितांना पकडणाऱ्या यंत्रणेला, पुन्हा जागा देऊ. शहरानं तिला २०१४च्या कायद्यानं तिथून बाहेर काढलं होतं.

सरकारला खटला असा मागे घ्यायचा होता, की हवा तेव्हा पुन्हा उघडता येईल. ही खरी गोम. न्यायाधीश डेल हो यांनी २ एप्रिलला तो कायमचा रद्द केला. दार उघडं ठेवलं तर महापौरांच्या मानेवर तलवार टांगती राहील, ते शहराचं ऐकतात की वॉशिंग्टनचं अशी शंका लोकांना येईल, असं त्यांचं म्हणणं. या सगळ्याला सौद्याचा वास येतो, असंही त्यांनी निकालात लिहिलं. सहाच दिवसांत उपमहापौरांनी रायकर्सच्या आदेशावर सही केली. नगर परिषद कोर्टात गेली आणि कोर्टानं आदेश अडवला.

पण मला डोळ्यांसमोर दिसतो तो २६ फेडरल प्लाझामधला, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्थलांतर कोर्टाच्या इमारतीतला, कॉरिडॉर. माणूस तारखेला स्वतःच्या पायानं कोर्टात येतो, न्यायाधीश पुढची तारीख देतात, तो दाराबाहेर पडतो आणि तोंडं झाकलेले ‘आइस’चे अधिकारी त्याला धरतात. १७ जून २०२५ला शहराचे तेव्हाचे कॉम्प्ट्रोलर, म्हणजे हिशेब तपासणारे निवडून आलेले अधिकारी, आणि महापौरपदाचे उमेदवार ब्रॅड लँडर अशाच एका माणसाच्या हाताला धरून चालत होते. न्यायाधीशाचं वॉरंट दाखवा, एवढंच ते मागत राहिले. त्यांनाच बेड्या पडल्या.

लँडर काही तासांत सुटले. ज्याचा हात त्यांनी धरला होता, त्याला घेऊन गेले.