जिन्यातल्या अकरा पायऱ्या

नमस्कार मंडळी. घरात एक-दीड वर्षाचं मूल असेल तर रेडिओ ऐकता ऐकता जरा त्याच्याकडे बघा, काय चाललंय त्याचं. डब्याचं झाकण काढतंय, लावतंय, परत काढतंय? मग त्याला आत्ता ओरडू नका, माझं बोलणं होईपर्यंत तरी राहू द्या, कारण मी त्याच्याचबद्दल बोलणार आहे.

लहानपणी असे काही काळ येतात की एखादी गोष्ट शिकायची मुलाला आतूनच ओढ लागते. कधी चालायची, कधी बोलायची, कधी प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे ठेवायची, कधी नुसती मुंगी बघत बसायची. मारिया माँटेसरी, इटलीतल्या डॉक्टर, १९०७ साली रोममध्ये त्यांनी मुलांसाठी पहिलं बालघर सुरू केलं, त्यांनी याला संवेदनशील काळ म्हटलं. आपण सोपं नाव देऊ, खिडकी. ही खिडकी आपण उघडत नाही हं, ती मुलाच्या आतून आपापली उघडते, काही दिवस, काही महिने उघडी राहते आणि मग हळूहळू मिटते. परत सांगते, उघडणारे आपण नाही. आपण फक्त आडवं यायचं नाही.

हे मला कुठल्या कोर्समध्ये नाही कळलं, जिन्यात कळलं.

माझा मुलगा तेव्हा चौदा महिन्यांचा होता, नुकताच चालायला लागलेला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नव्हती. रोज सकाळी त्याला सांभाळणाऱ्या बाईंकडे सोडून मला कामावर पळायचं असायचं, त्यामुळे खांद्याला पिशवी, कमरेवर मुलगा आणि धाडधाड खाली. आणि रोज, म्हणजे अगदी रोज, जिना सुरू झाला की हा अंग ताठ करून मागे वाकायचा आणि असा टाहो फोडायचा की लोक दार उघडून बघायचे. कुणी म्हणालं झोप झाली नसेल, कुणी म्हणालं पोटात दुखत असेल, मी म्हणायचे हट्टी आहे. दोन-अडीच आठवडे मी त्याला हट्टी म्हणत होते.

मग एका संध्याकाळी मी घराची किल्ली ऑफिसात विसरले. नवरा यायला दीड तास होता, शेजारी कुलूप. काय करणार, बसले जिन्यात. जिना वळतो तिथे सपाट जागा असते ना, तिथे, आणि मुलाला खाली सोडलं. तिथून आमच्या दारापर्यंत अकरा पायऱ्या.

तो सरळ पायऱ्यांकडे गेला. पहिल्या पायरीवर दोन्ही हात टेकले, मग गुडघा, मग दुसरा गुडघा. वर. परत हात, परत गुडघा. मी त्याच्या मागे एक पायरी खाली, हात पुढे करून, पण न लावता. वर पोचला आणि वळून खाली बघायला लागला. माझा जीव वरखाली, मी उचलायला गेले तर तोच, रोजचाच टाहो! मी हात काढून घेतला आणि तो गप्प झाला. मग काय केलं त्याने, पोटावर पालथा झाला आणि एक पाय खाली सोडून अंगठ्याने पायरी चाचपायला लागला. हे त्याला कुणीही शिकवलेलं नव्हतं. पायरी लागली की अंग खाली घ्यायचा, मग दुसरा पाय. असा अकराच्या अकरा पायऱ्या उतरला आणि खाली पोचल्या पोचल्या वळला, परत वर निघाला.

मी मोजायला लागले. सातव्या पायरीची कड थोडी फुटलेली होती, त्या खाचेत तो दर वेळी बोट घालायचा, माझ्याकडे बघायचा आणि मग पुढे जायचा. एकदा खाच राहून गेली, आठवीवर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, तर हा मागे उतरला, बोट घातलं, मग वर गेला. एकोणीस वेळा! दमला होता, घामाने केस कपाळाला चिकटले होते, पण थांबेना. एकोणिसाव्या फेरीनंतर वर बसला, एक मोठा श्वास सोडला आणि येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. रडणं नाही, कुरकुर नाही, एखादं मोठं काम उरकून आलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा.

पुढे कधीतरी मी माँटेसरींचं वाचलं की एक तीनेक वर्षांची मुलगी लाकडी ठोकळे त्यांच्या भोकांत बसवायची, काढायची, परत बसवायची, चाळीसहून जास्त वेळा, आजूबाजूला बाकीच्या मुलांची गाणी चालू, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं तरी तिने ठोकळे मांडीवर घेऊन काम चालूच ठेवलं. हे वाचताना मला आमचा जिना दिसत होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही वीस मिनिटं लवकर निघायला लागलो. तो पालथा होऊन उतरायचा, मी त्याच्या खालच्या पायरीवर. टाहो त्या दिवसापासून बंद. पाच-सहा आठवडे हे चाललं, आणि मग एका सकाळी त्याने दारातच हात वर केले, उचल म्हणून. सातव्या पायरीवरून गेलो तर त्याने खाचेकडे बघितलंसुद्धा नाही. संपलं होतं ते. मला थोडं वाईट वाटलं, खरं सांगते.

आता जिन्याचा विषय निघालाय तर बोलूनच टाकते, इमारती बांधणारे लोक जिन्याला एकच कठडा करतात, मोठ्यांच्या उंचीचा. त्याच्या खाली एक छोटा दांडा लावायला असा किती खर्च येतो? म्हाताऱ्या माणसांचा विचार होत नाही तो नाहीच, पण मुलांचाही नाही. आणि ते चाकांचे वॉकर, कृपा करून आणू नका. त्यात बसून मूल चालायला लवकर शिकत नाही, उलट जिन्यावरून पडतात मुलं, कॅनडाने तर २००४ साली त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली.

असो, विषयावर येते. भाषेचीही अशीच खिडकी असते. आपल्याला त आणि ट वेगळे ऐकू येतात, इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना तो फरक सहज ऐकू येत नाही. पण १९८४ साली छापून आलेल्या एका संशोधनात दिसलं की इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले त आणि ट वेगळे कळत होते, आणि वर्षाची होईपर्यंत बहुतेकांचं ते गेलं, कारण घरात ते आवाज कानावर पडतच नव्हते. म्हणजे बाळ बोलत नसतं तेव्हाच त्याचा कान तयार होत असतो. म्हणून बोला त्याच्याशी, कपडे घड्या घालताना बोला, अंघोळ घालताना बोला. आणि समोर बसून बोला, टीव्ही लावून नाही. २००३ साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवून बघितली, समोर माणूस बसून खेळत-बोलत होता त्या बाळांना ते आवाज ओळखू यायला लागले, आणि तेच पडद्यावर दाखवलं त्यांना काहीच फायदा झाला नाही.

आता दुसरी बाजू. खिडकी म्हटलं की आईबाप घाबरतात, आपलं मागे तर नाही ना राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतली मुलं बघितली, तर स्वतःचं स्वतः चालायचं वय साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कुठेही निघालं. केवढा मोठा पट्टा आहे! शेजारचं दहाव्या महिन्यात चालतं म्हणून आपल्याला ओढत चालवायचं नाही. फक्त ऐकण्याची आणि डोळ्यांची शंका आली तर मात्र थांबू नका, हाक मारल्यावर वळत नाही, डोळा तिरळा दिसतो, तर लगेच दाखवा, वाट बघू नका. तिथे उशीर खरंच महागात पडतो.

बाकी मुलाचा टाहो आला की मला अजूनही आधी तो जिना आठवतो आणि मी विचारते, आत्ता ह्याच्या हातातलं काय आपण काढून घेतलं?

वेळ झाली माझी. तुमचं बाळ अजून त्या झाकणाशीच बसलं असेल तर बसू दे त्याला. नमस्कार.