पाइप कुठून गेलाय, हे कुणाला माहीत आहे?

नमस्कार श्रोतेहो. आपल्या गोव्यात पाऊस पडतो ३००० मिलिमीटरच्या आसपास, आणि तरीही एप्रिल-मे आला की पेडण्यात, बार्देशात, सासष्टीच्या टोकाच्या गावांत बायामाणसं टँकरची वाट बघत उभी असतात. ह्या विषयावर आपण पावसावर बोलतो, धरणावर बोलतो, म्हादई नदीच्या तंट्यावर बोलतो, आणि ते बोलायलाच हवं. पण धरणातनं निघालेलं पाणी तुमच्या नळापर्यंत येतं कसं, मध्ये काय काय लागतं आणि ते सगळं कोण सांभाळतं, ह्याच्यावर फारसं कोणी बोलत नाही, म्हणून आज मी तेवढंच बोलणार आहे. माझी सगळी नोकरी पाण्याच्या कामात गेली, त्यामुळे ह्या विषयाची तळमळ आहे, एखाद्या ठिकाणी जरा जास्त बोललो तर समजून घ्या.

आपल्याकडचं नळाचं पाणी मोजक्या मोठ्या प्लांटांतनं येतं. फोंडा-तिसवाडीला ओपा, दक्षिणेत साळावलीचं पाणी शुद्ध करणारा शेळपेचा प्लांट, बार्देशला अस्नोडा, पेडण्याला चांदेल, सत्तरी-डिचोलीकडे पडोसे, दाबोस, साखळी, खाली काणकोणला चापोली. ओपा सगळ्यात जुना, खांडेपार नदीवरचा, १९५७ सालचा म्हणजे गोवा मुक्तीच्याही आधीचा. आता एवढ्या मोठ्या भागाचं पाणी एका जागेवर अवलंबून असलं की काय होतं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपण भोगलंय, हायवेच्या कामाच्या जागी कुर्टी-खांडेपारला माती खचली, मुख्य जलवाहिनी तुटली आणि पणजीसकट तिसवाडी नि फोंडा कित्येक दिवस कोरडे राहिले, हॉटेलवाले, हॉस्पिटलवाले, घरातली माणसं सगळेच बादल्या घेऊन धावत होते. तिळारी धरणाचा कालवा फुटला की अस्नोडा नि चांदेलची अशीच पंचाईत होते.

अशा वेळी मनात काही साधे प्रश्न येतात. कुठला पाइप फुटला तर सगळ्यात जास्त गावं कोरडी पडतील, हे कुठे लिहिलेलं आहे का? त्या मापाचा एक जादा तुकडा नि तो जोडायची कॉलर स्टोअरमध्ये आहे का? जवळचा व्हॉल्व कुठला, आणि तो फिरवला तर खरंच बंद होतो का? आणि तो जोड करणारा माणूस आज ड्युटीवर आहे का, की मागच्या मार्चला रिटायर झाला? साहेब लोक ज्याला असेट मॅनेजमेंट म्हणतात ते म्हणजे ह्या प्रश्नांची उत्तरं पाइप फुटायच्या आधी तयार असणं.

आमच्या विभागात एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. गळती शोधायची तर मामा रात्री दोन-अडीचला निघायचे, कारण त्या वेळी लोक झोपलेले, नळ बंद, पाइपात प्रेशर चांगलं, आणि रस्त्यावर गाड्या नाहीत. हातात एक लोखंडी सळई. तिचं एक टोक व्हॉल्वच्या दांड्यावर टेकवायचे नि दुसरं टोक कानाला लावायचे. एकदा बरोबर एक नवीन मुलगा होता, त्याने विचारलं, "मामा, पाणी तर वाहतंच आहे, आवाज येणारच, गळती आहे हे कशावरून?" मामा म्हणाले, "थांब जरा बाबा. कोणी उठून नळ सोडला असेल तर आवाज येतो आणि थांबतो. हा थांबतच नाही बघ." मग पुढच्या व्हॉल्ववर सळई, तिथे आवाज मोठा, त्याच्या पुढच्यावर परत बारीक, म्हणजे गळती मधल्या व्हॉल्वच्या जवळपास. सकाळी खणलं तर तिथेच एसी, म्हणजे अॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या, पाइपाचा जॉइंट सुटलेला. वर रस्त्यावर पाण्याचा थेंब नव्हता, कारण आपल्याकडे खाली जांभा, पाणी वर येतच नाही, आतल्या आत जिरतं नाहीतर गटारात जाऊन मिळतं.

मामा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. तो मुलगा कंत्राटावर होता, कंत्राट बदललं आणि तो दुसऱ्या कामाला लागला. माझी खरी चिंता ही आहे.

एक हिशेब सांगतो, वाटल्यास कागद-पेन घ्या. गळतीतनं सेकंदाला फक्त एक लिटर पाणी जात असेल, म्हणजे साधा बारीक फुटलेला पाइप, तर दिवसाला जातं ८६,४०० लिटर. जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे केंद्राच्या घरोघरी नळाच्या योजनेत, खेड्यात माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात, म्हणजे ही एकटी गळती दीड हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी जमिनीत घालवते. २०२१ मध्ये सरकारने महिन्याला १६,००० लिटरपर्यंत पाणी फुकट देण्याची योजना जाहीर केली होती तेव्हा घराघरात लोकांनी नळ घट्ट बंद करायला सुरुवात केली, चांगली गोष्ट होती, पण ही एक गळती एका दिवसात अशा पाच घरांच्या महिन्याच्या पाण्याएवढं वाया घालवते. प्लांटातनं सोडलेलं पाणी आणि बिलात आलेलं पाणी ह्यातला जो फरक, त्याला महसूल न मिळणारं पाणी म्हणतात, त्यात गळती असते, बिघडलेले मीटर असतात, चोरीची कनेक्शनंही असतात. कुठे काय आहे हे कळायला गावाचे छोटे भाग पाडून प्रत्येक भागाच्या तोंडाशी मीटर लावावा लागतो आणि रात्रीचा प्रवाह बघावा लागतो. सगळे झोपलेले असताना मीटर जोरात फिरतोय म्हणजे कुठेतरी गडबड आहे. मीटर विकत मिळतो हो, पण रोज तो वाचून त्यातनं अर्थ काढणारा माणूस तयार करावा लागतो.

आणि पाइप कुठून गेलाय हे तरी माहीत पाहिजे ना. तुम्हाला खोटं वाटेल पण जुन्या भागांत अजून असं चालतं की व्हॉल्व कुठे आहे विचारलं तर उत्तर मिळतं, "तो अमक्याच्या घरासमोर फणस होता ना, त्याच्या मुळाशी." आता फणस तोडला, घर पाडून तिथे बिल्डिंग झाली, रस्त्यावर दोनदा हॉटमिक्स, म्हणजे डांबर, पडलं आणि व्हॉल्वचं चेंबर त्याच्याखाली गाडलं गेलं. पाइप फुटला की आधी चेंबर शोधायला जमीन खणायची, मग सापडलेला व्हॉल्व गंजून बसलेला, मग त्याच्या मागचा, मग त्याच्याही मागचा, असं करत करत एका वाड्याच्या दुरुस्तीसाठी तीन गावांचं पाणी बंद. वर्षातनं दोनदा प्रत्येक व्हॉल्व पूर्ण बंद करून परत उघडला तर तो अडकत नाही. त्यातही बघण्यासारखं असतं, एका मापाच्या व्हॉल्वला बंद व्हायला ठरावीक आटे, म्हणजे फेरे, लागतात, ते मोजायचे नि लिहायचे, पुढच्या वेळी चार आटे कमी भरले तर समजायचं की खाली गाळ बसलाय किंवा व्हॉल्व पूर्ण बसत नाहीये. शिवाय काही व्हॉल्व उजवीकडे बंद होतात, काही डावीकडे, हे न लिहिल्यामुळे नवा माणूस जोर लावतो आणि दांडाच मोडतो.

मोठे प्रकल्प आपल्याकडे आले. २००७ मध्ये जायका ह्या कर्ज देणाऱ्या जपानी सरकारी संस्थेबरोबर करार झाला, त्यातनं दक्षिणेतल्या साळावली योजनेची क्षमता वाढवली. आता पाण्याचं काम बांधकाम खात्यातनं वेगळं काढून पेयजल खातंही केलंय, माझ्या मते ते योग्यच झालं, कारण रस्ते, इमारती नि पाणी एकाच टेबलावर असलं की पाण्याचा नंबर नेहमी शेवटी लागतो. ऑगस्ट २०२२ मध्ये घरोघरी नळाचं प्रमाणपत्र मिळवणारं गोवा देशातलं पहिलं राज्य ठरलं, २ लाख ६३ हजार ग्रामीण घरं. ह्याचा मला अभिमान आहे, मनापासून सांगतो. पण नळ बसवला त्या दिवसापासून तो पाइप म्हातारा व्हायला लागतो, खाजनाकाठच्या, म्हणजे खाडीलगतच्या सखल शेतांकडच्या, खाऱ्या ओल्या जमिनीत तर लोखंडी पाइप भराभर गंजतो, आणि नवीन पाइप टाकायला जसा निधी येतो तसा जुना बदलायला दरवर्षी थोडा थोडा येत नाही. तो यायचा तर कुठला पाइप किती सालचा, कशाचा, किती वेळा फुटला, हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. वही नाही तर निधी नाही.

पंपाचंही तसंच. १००० लिटर पाणी १०० मीटर वर चढवायला नुसत्या शास्त्राप्रमाणे साधारण ०.२७ युनिट वीज लागते. पंप नि मोटर मिळून ७० टक्के कार्यक्षम असतील तर ०.३९ युनिट, झिजून ५० टक्क्यांवर आले तर ०.५४. पाणी तेवढंच येतं, ऑपरेटरला वाटतं पंप मस्त चाललाय, आणि विजेचं बिल मात्र फुगत जातं. प्रेशर, प्रवाह नि करंट हे तीन आकडे रोज लिहून महिन्यानं बघणारा ऑपरेटर असला तर हे कळतं. त्याला ते कोणी शिकवलंच नसेल तर त्याचा काय दोष?

क्लोरीनवर जरा थांबतो. मोठ्या प्लांटवर गॅसचे टोनर, म्हणजे मोठाले सिलिंडर, असतात, एकेकात ९०० किलो क्लोरीन. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो, म्हणून गळती झाली तर माणसानं वारा जिकडून येतो त्या बाजूला नि उंचावर पळायचं. गळती बघायला अमोनियात बुडवलेला बोळा जॉइंटजवळ धरतात, पांढरा धूर दिसला की तिथे गळतंय. आणि गळक्या टोनरवर पाणी कधीही मारायचं नाही, त्यानं गळती वाढते. नवीन आलेल्या हेल्परला पहिली इच्छा होते ती पाणी मारायची! आधी न शिकवता त्याला त्या खोलीत पाठवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

कॅनडात वॉकर्टन म्हणून एक छोटं गाव आहे, वस्ती पाचेक हजार. मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला, शेतातलं शेण-खत एका विहिरीच्या पाण्यात उतरलं, आणि पाण्यातनं ई-कोलाय हा जंतू पसरला. सात माणसं गेली, दोन हजार तीनशेच्या आसपास आजारी पडली. चौकशीत बाहेर आलं की प्लांट चालवणाऱ्यांना धड प्रशिक्षण नव्हतं, ते क्लोरीन रोज मोजतच नव्हते, वहीत मनाने आकडे भरायचे, आणि त्यातनं काय होऊ शकतं ह्याची त्यांना कल्पनाच नव्हती. त्यानंतर त्या प्रांताने पाणी चालवणाऱ्या माणसाच्या प्रशिक्षणाचे नि सर्टिफिकेटचे नियम कडक केले. आपल्या मानकाप्रमाणे नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा, मोजायला एक छोटी बाटली, दोन थेंब औषध नि रंगाचा तक्ता लागतो, पाच मिनिटांचं काम. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे, माझा अनुभव असा की बायका हे काम फार काटेकोरपणे करतात, कारण ते पाणी त्यांच्याच पोरांच्या पोटात जाणार असतं.

मग शिकवायचं कुठे आणि कोणी? आयटीआयमध्ये प्लंबर ट्रेड आहे, मुलं येतात, पण तिथे भर घरातल्या, बिल्डिंगमधल्या फिटिंगवर. ९०० मिलिमीटरचा पाइप, एअर व्हॉल्व, पंपाचं अलाइनमेंट, रात्रीची गळती, हे वर्गात येत नाही, ते जागेवरच शिकायचं. केंद्राचा नल जल मित्र कार्यक्रम आहे, त्यात गावातल्याच तरुणाला प्लंबिंग, पंप, थोडं इलेक्ट्रिकल असं सगळं शिकवतात, त्याचा आपण पुरेपूर फायदा घ्यायला हवा. पण माझं ठाम मत आहे की सगळ्यात स्वस्त नि चांगली शाळा म्हणजे रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेला फिटर. त्याच्याबरोबर एक तरुण लावा, दोन्ही पावसाळे, दोन्ही उन्हाळे, चवथीच्या दिवसांतला प्रेशरचा गोंधळ, सगळं त्याला त्याच्याबरोबर बघू द्या. त्या काळात दोघांनी मिळून मोबाइलवर प्रत्येक व्हॉल्वचा फोटो नि लोकेशन घेतलं तर गावाचा नकाशा आपोआप उभा राहतो. आणि तो शिकला की त्याला हेल्परच्या पगारावर ठेवू नका, सर्टिफिकेट दिलं तर त्याच्याबरोबर पगारही वाढवा, नाहीतर तो शिकेल आणि आखातात जाईल, त्यात त्याचं काय चुकलं? कंत्राट द्यायचंच असेल तर त्यात लिहा की कंत्राटदार बदलला तरी शिकलेली माणसं तीच राहतील.

श्रोतेहो, तुम्हीही ग्रामसभेत हे विचारू शकता. आमच्या गावाच्या पाइपांचा नकाशा आहे का, शेवटचा व्हॉल्व कधी फिरवून बघितला, गावच्या पाण्यात क्लोरीन कोण मोजतं, त्याची वही कुठे आहे. रस्त्याचं हॉटमिक्स व्हायच्या आधी व्हॉल्वची चेंबरं नव्या रस्त्याच्या उंचीला वर उचलून घ्या असं लेखी कळवा, पंचायतीला हे नक्की जमतं. आणि आत्ता कुणी फिटर, कुणी पंप ऑपरेटर ड्युटीवर बसून हे ऐकत असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या हाताखालच्या मुलाला उद्या बरोबर न्या, त्याच्या हातात व्हॉल्व फिरवायची चावी द्या, व्हॉल्वचे आटे त्याला मोजू द्या आणि ते त्याच्याकडूनच वहीत लिहून घ्या, तारखेसकट.