पाणी आलं कुठून?

ही काचेची बाटली जरा निरखून बघा. वर डांबरासारखं काळं तेल, तळाशी दोन बोटं गढूळ पाणी. जहाजाच्या सेटलिंग टाकीचा, म्हणजे इंधन निवळायला ठेवतात त्या टाकीचा, ड्रेन उघडून आत्ताच भरून आणलीय.

जहाजाचं जड इंधन तेल जसंच्या तसं इंजिनाला देता येत नाही. आयएसओ ८२१७ या जहाजी इंधनाच्या मानकाप्रमाणे बंकर घेताना, म्हणजे जहाजात इंधन भरताना, त्यात अर्धा टक्का पाणी चालतं. इंजिनाला त्याहून बरंच कमी लागतं. म्हणून तेल ९८ अंशांपर्यंत तापवून प्युरिफायरमध्ये सोडतात. दुधातून साय काढणाऱ्या सेपरेटरच्याच घराण्यातलं हे यंत्र. स्वीडनचे गुस्ताफ द लावाल यांनी १८७८ मध्ये ते दुधासाठीच बनवलं होतं.

त्याचा बाउल, म्हणजे आतलं फिरणारं भांडं, मिनिटाला हजारो फेरे घेतो. पाणी आणि गाळ कडेला फेकले जातात, स्वच्छ तेल मधून बाहेर पडतं. त्या वाटेवर एक सेन्सर बसवलेला असतो. तो डायइलेक्ट्रिक स्थिरांक मोजतो, म्हणजे पदार्थ विद्युतक्षेत्रात किती प्रभार साठवू देतो ते. साध्या तापमानाला पाण्याचा हा आकडा ८० च्या आसपास, तेलाचा एक आकडी. त्यामुळे तेलासोबत जरासं पाणी निसटलं तरी पॅनलवरचा आकडा चढतो. मग यंत्र स्वतःच पाणी काढतं किंवा गाळ डिस्चार्ज करतं. तरीही आकडा उतरला नाही, की अलार्म.

इथे नुसतं रीसेट दाबणं सगळ्यात वाईट. पाणी समुद्राचं असेल, तर त्यातलं सोडियम तेलातल्या व्हॅनेडियमशी जुळतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खातं.

पहिला संशय घ्यायचा तो प्युरिफायरच्या स्वतःच्या पाण्यावर. बाउलला पाणी देणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडमीट होणारा व्हॉल्व्ह, सीटवर कचऱ्याचा कण अडकला तरी, गुपचूप गळत राहतो. त्याच्या मागचा हातव्हॉल्व्ह बंद करा. थोड्या वेळात आकडा उतरला, तर चोर सापडला. आकडा एकदम टोकाला जाऊन हलेचना, तर सेन्सरची केबल आणि कनेक्टर बघा. डिस्चार्ज खरोखर होतोय का, तेही कान देऊन ऐका. नीट झाला तर धप्प असा आवाज येतोच.

आज अलार्म वाजला, तेव्हा या तिन्ही ठिकाणी काही निघालं नाही. म्हणून फोर्थ इंजिनिअर टाकीकडे वळले आणि ही बाटली भरली.

आता पाणी खारं की गोडं? क्लोराइड तपासलं. जवळपास नाहीच. म्हणजे समुद्राचं नाही, बॉयलरच्या वाफेचं असणार. टाकीत तेल तापवायला वाफेचं कॉइल असतं. त्याला भोक पडलं, की वाफ तेलात शिरते. वाफ बंद केली, की उलट तेलच कॉइलमधून कंडेन्सेटच्या, म्हणजे वाफेचं पाणी परत नेणाऱ्या, वाटेला लागतं.

ऑइलरने सेटलिंग टाकीची वाफ बंद केली. फोर्थ इंजिनिअर ऑब्झर्व्हेशन टाकीच्या, म्हणजे ते परतणारं पाणी बघायच्या टाकीच्या, काचेशी टॉर्च धरून उभे राहिले. वीसेक मिनिटांनी पाण्यावर इंद्रधनुषी तवंग पसरू लागला.

कॉइलचे दोन्ही व्हॉल्व्ह आवळले. प्युरिफायर दुसऱ्या सेटलिंग टाकीवर घेतला. पॅनलवरचा आकडा हळूहळू खाली येतोय.