रोमचा वाहता नळ

नमस्कार श्रोतेहो. आज आपण रोमला जाणार आहोत. इटलीची राजधानी, अडीच हजार वर्षांहून जुनं शहर. आणि सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. निघताना बॅगेत एक रिकामी बाटली ठेवा. साधी, घरातली, पाण्याची बाटली. कशाला, ते पुढे येईलच.

रोममध्ये पाऊल ठेवलेला माणूस आधी कलोसियमकडे, म्हणजे प्राचीन रोमच्या खेळांच्या भव्य प्रेक्षागृहाकडे, धावतो. धावावंच. इसवी सन 80 मध्ये, सम्राट टायटसच्या कारकिर्दीत ते खुलं झालं. 50,000 माणसं मावतील एवढं. तळाला 80 कमानी, आणि त्यांच्यावर कोरलेले आकडे काही ठिकाणी अजून वाचता येतात. आपला आकडा बघायचा आणि आपल्या दारातून आत शिरायचं, गर्दीचा असा बंदोबस्त त्यांनी तेव्हा करून ठेवला होता. तिकीट आधीच काढा, सकाळची पहिली वेळ घ्या. त्याच तिकिटात शेजारचा रोमन फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौक, आणि पॅलेटाईन टेकडीही येते. पुष्कळ लोक कलोसियम बघून दमतात आणि टेकडी सोडून देतात. सोडू नका. टेकडीवरून खाली पसरलेला फोरम बघणं, हे मला कलोसियमपेक्षाही मोठं वाटतं.

आणि हो, दहा दिवसांत सहा देश अशा सहलींनी रोमला जाऊ नका. माझं हे ठाम मत आहे. एका गावात निदान चार रात्री काढाव्यात. त्याच गल्लीतून दुसऱ्यांदा गेलं की गाव ओळख द्यायला लागतं.

दुसरं ठिकाण पँथियन, जुनं रोमन देऊळ. याला घुमट आहे, 43 मीटरहून जास्त रुंद, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. माथ्यावर मोठं गोल भोक, त्याला झाकण नाही. ऊन आत येतं, पाऊसही आत येतो. म्हणून फरशी मधे किंचित फुगीर आहे आणि तिला बारीक छिद्रं आहेत, पाणी निघून जायला. दर्शनी भागावर अग्रिप्पा या रोमन सेनापतीचं नाव आहे, इथलं आधीचं देऊळ त्यानं बांधलं होतं. आजची वास्तू त्याच्यानंतरच्या हेड्रियन सम्राटाची, पण जुन्या बांधकामाचा मान म्हणून नाव अग्रिप्पाचंच ठेवलं. हा अग्रिप्पा लक्षात ठेवा. अग्रिप्पा. तो परत येणार आहे.

आता मी तुम्हाला जे सांगायला बसलोय ते सांगतो.

गोष्ट 2016 ची. लातूरची पाण्याची रेल्वे तुम्हाला आठवत असेल. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली गाडी आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. आमची आई लातूरची. त्या उन्हाळ्यात घरातला एकेक तांब्या मोजून वापरला जायचा. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भांडी विसळलेलं पाणी संडासात. टँकरचा आवाज आला की आई हातातलं लाटणं टाकून जिन्याकडे धावायची. माझा धाकटा भाऊ तेव्हा मिलानला नोकरीला होता. तो म्हणाला, आईला जरा घेऊन ये. जूनमध्ये आम्ही गेलो, आणि तिघं मिळून रोमला आलो.

दुपारची वेळ. पँथियन बघून आम्ही नवोना चौकाकडे एका अरुंद गल्लीतून निघालो होतो. आई पुढे. एकदम थांबली. भिंतीजवळ बिडाचा एक खांब, कमरेच्या जरा वर येणारा, आणि त्याला नाकासारखी वाकलेली नळी. नळीतून पाणी वाहत होतं. सारखं. खाली जाळी, आणि पाणी सरळ जाळीत.

आईनं आधी हात धरला पाण्याखाली. मग ती तोटी शोधायला लागली. पुढून बघितलं, बाजूनं बघितलं, पदर खोचून खांबाच्या मागे वाकून चाचपलं. तोटी नाही. मला म्हणाली, "अरे, बंद कर की ते! वाया चाललंय सगळं."

मी म्हणालो, "आई, त्याला तोटीच नाही."

"तोटी नाही म्हणजे?"

तिनं पिशवीतून बाटली काढली, भरली. माझी भरली. भावाची भरली. भांडी संपली आणि पाणी काही संपेना. आम्ही चल म्हणत होतो, तर आईचा पाय निघेना. वाहतं पाणी टाकून जायचं कसं, हे तिला खरंच कळत नव्हतं. डोळे भरून आले होते तिचे.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा आले, ऐंशीच्या घरातले. त्यांना वाटलं, या बाईंना पाणी कसं प्यायचं ते माहीत नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली, "सिन्योरा" म्हणाले, आणि नळीचं तोंड बोटानं दाबलं. नळीच्या पाठीवर एक बारीक भोक होतं, त्यातून पाण्याची धार वर उसळली. आजोबा वाकले आणि धारेतून पाणी प्यायले. तोंड कुठेही न लावता.

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अरे, हे तर आपल्यासारखं! उष्टं न करता!" मग तिनं बोट लावलं. पहिली धार थेट कपाळावर. दुसरी तोंडात. पाणी गारेगार, जूनच्या उन्हात माठातल्यासारखं.

मग आईनं भावाला सांगितलं, यांना विचार, हे बंद का करत नाहीत. आजोबांनी हातवारे करत समजावलं. पाणी वाहतं राहिलं की नळात साचत नाही, साचलं नाही की खराब होत नाही. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पटलं. पण खाली एक बादली तरी ठेवा म्हणावं." भावानं तेही सांगितलं. आजोबांनी आईचा ओला हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ काही बोलत राहिले. भावालाही त्यातलं निम्मंच कळलं.

श्रोतेहो, या नळांना रोमकर नासोने म्हणतात. नासोने, म्हणजे मोठं नाक. 1874 पासून ते बसवायला सुरुवात झाली, आज शहरात साधारण अडीच हजार आहेत. पाणी पिण्याचं, चांगलं आणि फुकट. बाटली का न्यायची ते आता कळलं ना? आपल्याकडे पाणपोया होत्या. ओलं फडकं गुंडाळलेले रांजण, पळी, आणि पाणी घालणारी कुणी म्हातारी. त्या गेल्या आणि तहानेला किंमत चिकटली. मला याचा फार राग येतो. तहानलेल्याला पाणी विकत घ्यायला लावणं मला पाप वाटतं, आणि एकेका चौकात एक पाणपोई परत उभी करणं अवघड आहे असं मला कुणी सांगू नये.

तर नवोना चौक. तिथे शिल्पकार बर्निनीचं कारंजं आहे, 1651 मध्ये पूर्ण झालेलं. चार खंडांच्या चार नद्या, आणि त्यातली एक आपली गंगा! हातात वल्हं घेतलेली, पण दाढीवाल्या पुरुषाच्या रूपात. रोमन परंपरेत नदीचा देव पुरुष असतो. आईनं बराच वेळ बघून हात जोडले.

तिथून त्रेवीचं कारंजं पायी दहा-पंधरा मिनिटांवर. लोक पाठमोरे उभे राहून नाणी टाकतात, ती गरिबांच्या मदतीला जातात. पण तुम्ही पाणी बघा. इसवी सनापूर्वी 19 मध्ये त्याच अग्रिप्पानं दुरून, बहुतेक जमिनीखालून, एक पाट आणला. डागडुजी होत होत तो आजही वाहतो, आणि त्याचंच पाणी त्रेवीत पडतं. असे एकूण 11 पाट प्राचीन रोमला पाणी द्यायचे. इसवी सन 97 मध्ये फ्रॉन्टिनस नावाचा माणूस त्या सगळ्या पाण्याचा अधिकारी झाला, तर त्याला काय सापडलं? लोकांनी चोरून घेतलेल्या जोडण्या! शहराच्या आग्नेयेला पाटांच्या उंच कमानी शेतात उभ्या आहेत, मेट्रोनं जाता येतं. संध्याकाळी जा.

व्हॅटिकनला एक पूर्ण दिवस द्या, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

पुढच्याच वर्षी, 2017 च्या उन्हाळ्यात, रोममध्ये दुष्काळ पडला. बरेच नासोने बंद करायला घेतले. भावानं फोनवर सांगितलं. मला वाटलं, आई म्हणेल, मी सांगत होते. ती गप्प बसली. मग म्हणाली, "त्या गल्लीतला चालू आहे का रे?"

थोड्या दिवसांनी भाऊ कामासाठी रोमला गेला, तेव्हा वाकडी वाट करून तिथे गेला. चालू होता. त्यानं फोन नळाजवळ धरला. लातूरच्या घरात, ड्रमशेजारी स्टुलावर बसून आईनं तो आवाज ऐकला. बराच वेळ ऐकला.

जाताना ती बाटली तेवढी विसरू नका. नमस्कार.