शंभर टक्के, पण कितीपैकी?

नमस्कार, श्रोतेहो. दहावीचा निकाल लागला की शाळांच्या फाटकांवर फ्लेक्स झळकतात : 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा'. खाली पासपोर्ट फोटोंची रांग, नव्वदीच्या पुढचे मोठ्या चौकटीत. शाळेचा कस जोखताना शिक्षण खात्यातही पहिली नजर याच टक्केवारीवर जाते. मला आज तिच्या छेदाबद्दल बोलायचं आहे.

नववीत गणितात गळपटलेल्या मुलाच्या आईला शाळेत बोलावणं येतं. "बोर्डाला झेपायचं नाही त्याला. १७ नंबरचा फॉर्म भरून टाका." मग तो खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसतो. पास होवो की नापास, शाळेच्या नियमित मुलांत तो धरलाच जात नाही. हा फॉर्म शाळा सुटलेल्यांसाठी, कामाला लागलेल्यांसाठी आहे आणि ती सोय मोलाची आहे. तिची चाळणी कुणी केली, ते सांगायला नकोच.

बरं, अंश तरी कुठे भरवशाचा? राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के, २०१९ साली ७७.१०. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढले होते; अभ्यासक्रमही नवा होता. गुण परत आले आणि २०२० साली निकाल थेट ९५.३०! (भूगोलाचा पेपर तर करोनामुळे झालाच नव्हता.) दोन वर्षांत शाळा आधी बिघडल्या आणि मग सुधारल्या, असं मानायचं का?

अमेरिकेत २००२च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यानं शाळांना जाब विचारला जाऊ लागला. पण हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण राज्यं आपापल्या सोयीनं काढत. २००८ साली तिथल्या केंद्र सरकारनं नियम केला : नववीला आलेली मुलं मोजा, चार वर्षांत त्यांतली किती डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला, घेऊन बाहेर पडली ते सांगा. मुलगा दुसऱ्या शाळेत गेला म्हणता? कागद दाखवा. कागद नसेल, तर तो तुमच्याच छेदात. २०१५च्या कायद्यानं पुढे ठरवलं, की एक तृतीयांश मुलं गळणाऱ्या हायस्कूलकडे राज्यानं जातीनं लक्ष द्यायचं.

त्यांच्या सगळ्याच परीक्षांचं कौतुक करावं असं मला वाटत नाही. पण छेदाचा हा नियम उचलण्यासारखा आहे. आपल्याकडे नववीचा पट असतो, यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीवर मुलागणिक नोंद असते. प्रवेश घ्यायला जाल तेव्हा फीच्या आधी दोन आकडे मागा : गेल्या खेपेला नववीत किती मुलं होती, आणि त्यांतली किती याच शाळेतून दहावीला बसली. मुख्याध्यापकांना ते शोधावे लागणार नाहीत.